मामीची गोधडी अन् मामाचा खडू

साक्षी रविवारी लेकराले घेऊन सासरी जाणार होती, अन् सरलामामीची गोधडी शुक्रवारी सकाळी पुरी झाली. मी तेव्हा त्यांच्याच ओसरीत चहा पीत बसलो होतो. मामीनं शेवटची गाठ उजव्या बाजूच्या दातांनी आवळली, धागा तोडला, सुई पाटावर ठेवली अन् मारोतीमामाकडे न पाहताच म्हणाली, "घ्या. तपासा."

आता हे 'तपासा' म्हणजे काय, ते समजायचं असंल तं आधी मामा समजून घ्यावा लागते.

मी उमरेडकडचा. मामाही तिकडचाच, गावच्या नात्यानं मामा. रक्ताचं काही नाही, पण रायपुरात आपली बोली बोलणारा माणूस भेटला का नातं आपोआप लागते. भनपुरीत गोदामांच्या मागं जी गल्ली आहे, तिथं मामाचं दोन खोल्यांचं घर, अन् तीन घरं सोडून माझी खोली. मामा रेल्वेत होता. मालगाडी यार्डात येऊन थांबली का हा लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या अंगानं चालत जायचा, अन् एकेका चाकाले ठोका द्यायचा. चांगलं चाक टन्नकन बोलते. चीर गेलेलं चाक ठस्स करते, फुटक्या मडक्यासारखं. ठस्स ऐकू आलं का मामा खिशातून खडू काढायचा अन् डब्यावर फुली मारायचा. फुली मारलेल्या डब्याले रेल्वेत 'सिक' म्हणतात. तो गाडीतून काढून दुरुस्तीच्या लायनीले लावतात. ज्याच्यावर फुली नाही तो 'फिट'. चौतीस वर्षं मामानं हेच केलं. उन्हात, धुक्यात, पावसात. साहेब म्हणे का गाडीले उशीर होऊन राहिला, मारोती, सोड आता. मामा सोडत नसे.

रिटायर झाला तरी हात थांबला नाही. मडकं घ्यायचं तं ठोकून, टरबूज घ्यायचं तं ठोकून. माझ्या लग्नात सासऱ्यानं कपाट दिलं, तं यानं भर मांडवात त्याले बोटानं ठोकून सांगितलं, "पत्रा पातळ आहे." माझी बायको अजून त्याले पहिली भाजी वाढत नाही.

अन् मामी? मामीच्या हातचा टाका म्हणजे जवसाचा दाणा. तेवढाच लांब, तेवढाच गुळगुळीत, अन् पुढचा दाणा तेवढ्याच अंतरावर. बाराव्या वर्षी आजीच्या मांडीजवळ बसून शिकली. कडेपासून सुरू करायचं, चारी बाजूनं फेरे घेत घेत मधल्या चौकात येऊन संपवायचं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगडी बाया गोधडीले कथरी म्हणतात. त्या मामीची कथरी पाहायले यायच्या अन् उलटी करून पाहायच्या. उलटी बाजू सुलट्यासारखीच दिसली का गप्प होऊन जायच्या. मामीचं कौतुक कोणी तोंडानं केलेलं मी ऐकलं नाही. गोधडी उलटी करायची अन् गप्प व्हायचं, हेच कौतुक.

अडीच वर्षं झाली, भाकर थापता थापता मामीचा डावा हात परातीतच राहून गेला. लकवा. हात गेला, पाय अर्धा गेला, अन् डावा गाल दगड झाला. जीव वाचला. पाय जरासा फिरला, घरातल्या घरात काठी घेऊन चालते. हात काही आला नाही. डॉक्टरनं रबराचा चेंडू दिला, रोज दाबत जा म्हणे. मामीनं चार दिवस दाबला अन् पाचव्या दिवशी शेजारच्या पोट्ट्यायले खेळायले देऊन टाकला.

दोन वर्षं सुई पेटीतच होती. मग साक्षीले पाचवा महिना लागल्याची खबर आली. साक्षी म्हणजे यांची एकुलती एक पोट्टी, दुर्गले दिलेली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण मायच्या घरी होते, अन् सव्वा महिन्यानं लेकरू बापाच्या घरी जाते ते आजीच्या हातच्या गोधडीत. मामीनं खबर ऐकली अन् मामाले म्हणाली, "वरचं गाठोडं काढून द्या."

"कायले?"

"काढून तं द्या."

त्या दिवसापासून जे सुरू झालं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तं कोणी सांगून मानलं नसतं. मामी भिंतीले पाठ टेकून खाली बसायची. उजवा पाय लांब करून पुढं पाट ठेवायची, पाटावर गोधडीचे थर. वरच्या बाजूले वरवंटा ठेवून कापड दाबायचं, खालच्या बाजूले उजव्या पायाचा अंगठा अन् टाच. डावा हात मांडीवर पडलेला, झोपलेल्या मांजरीसारखा. सुईत धागा ओवायचा तं सुई आलूमधी उभी खोचायची, मग एका हातानं धागा न्यायचा. गाठ मारायची तं जीभ अन् दात. दोन हातांचं काम एका हातानं होत नाही असं आपण म्हणतो. मामीनं ते एक हात, एक पाय अन् अर्ध्या तोंडात वाटून घेतलं.

गोधडीखाली दुसरा हात नसला का सुई पाटाच्या लाकडावर जाऊन टेकते. जोर जास्त झाला का तुटते. साडेपाच महिन्यांत तीन सुया तुटल्या. तुटलेल्या सुईचे दोन्ही तुकडे बामच्या रिकाम्या डबीत टाकायचे, हा मामाचा नियम. तिसऱ्या सुईचं टोक काही सापडलं नाही. मामानं पूर्ण ओसरी झाडली, जुन्या भोंग्यातला चुंबक फरशीवर फिरवला. शेवटी दोघांनी ठरवलं का मोरीत वाहून गेलं.

तं अशी ती गोधडी. सव्वा हात रुंद, दोन हात लांब. वरचं कापड मामीची पांढरी साडी, बुद्ध पौर्णिमेले विहारात जायची ती. पोटात मामाची दोन जुनी धोतरं, खाली मामीच्या मायचं लुगडं. अन् धागा निळा. पांढऱ्या कापडावर निळा धागा. चूक लपवायची असती तं पांढरा धागा घेतला असता. मामीले मी म्हटलंही होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं का मी चहाच संपवला.

आता शुक्रवार सकाळकडे येतो.

मामानं गोधडी खाटेवर पसरली. चष्मा पुसला. डोकं खाली घालून वीसेक मिनिटं पाहत राहिला. मले दिसून राहिलं होतं का त्याची नजर जागोजागी अडकते, अन् तो तिले ओढून पुढं नेते. एका कोपऱ्यात ओळ अशी गेली होती जसा दारू प्यालेला बैल नांगराले. दोन ठिकाणी कापडाले चुणी. मामा सरळ झाला.

"फिट आहे," म्हणाला.

मामीनं विचारलं, "खडू कुठी आहे तुमचा?"

"लागला नाई."

"चौतीस वर्षांत एक तरी गाडी आशी गेली का, का तुमचा खडू खिशातून निंगालाच नाई?"

मामा चष्मा पुसायले लागला. आधीच पुसलेला होता.

"मले लकवा झाला म्हनून मले पास करून राहिले का?" मामीचा आवाज चढला नव्हता. लकव्यानंतर तिचा आवाज चढतच नाही, एका बाजूनं निसटते. "आइका. ही गोधडी तपासून जाईन, नाई तं जानार नाई. सिक निंगाली तं सिक. मंग मी पुन्हा सुईले हात नाई लावनार. पन तुमच्या दयेवर माह्या नातीले नाई गुंडाळनार मी."

मी रिकाम्या कपात पाहत बसलो.

आतून साक्षी लेकराले खांद्यावर घेऊन आली. या पोट्टीले मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदीत. "मम्मी, इतना टेंशन मत लो ना. मैंने ब्लँकेट मँगवा लिया है, एकदम सॉफ्ट. जाते टाइम उसमें ले जाएँगे. ये वाली घर पे नीचे बिछा लेंगे."

"नीचे," मामी म्हणाली. एवढंच.

साक्षीच्या मनात वाईट नव्हतं. सासरच्या चार बाया गाडीजवळ उभ्या राहतील, गोधडी हातात घेतील, उलटी करतील. आपल्या मायची गोधडी पाहून त्या हसल्या तं, हे तिले सहन होणार नव्हतं. पण मामीले जे ऐकू यायचं ते ऐकू आलं.

"गुलाबी खडू आना," ती मामाले म्हणाली. "पांढरा दिसनार नाई."

मामा शिंप्याकडून गुलाबी खडू घेऊन आला. मी कामावर गेलो. चार वाजता परत आलो तं मामा अजून खाटेजवळ वाकलेला. कडेपासून सुरू करून, फेऱ्याच्या मागं फेरा, बोट ठेवत ठेवत तो मधल्या चौकाकडे चालला होता. मी त्याले यार्डात कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. पाठीतून वाकलेला, कोणाशी बोलत नाही, माशी बसली तं हाकलत नाही. सत्तर वर्षांचा माणूस एका तान्ह्या लेकराच्या गोधडीच्या अंगानं चालून राहिला होता, जशी मोठी मालगाडी उभी आहे अन् तिले सोडायची का नाही हे त्याच्या एकट्याच्या जिवावर आहे. मी दारातच थांबलो. आत जायची हिंमत होईना.

शेवटी तो उठला, कमरेले हात लावून.

"तेवीस."

"तेवीस," मामी म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. उलट मले वाटलं का ती जरा सरळ बसली. "दाखवा."

एकेक फुली सुरू झाली.

"ही?"

"ओळ तिरपी."

"ही?"

"चुनी."

"ही काय हो?"

"इथं दोन टाके एकावर एक आहेत. धागा संपला आसन."

"त्या दिवशी तुमी भाजीत मीठ दोनदा टाकलं, तवाचं आहे ते. ही?"

"टाका लांब आहे. ही बी लांब."

मी मधेच तोंड घातलं. "मामी, दोन दिवस आहेत. तिरप्या ओळी उसवून नव्या घाल. मी सुई ओवून देतो."

"उसवून?" मामीनं गोधडीवरच्या साडीचं टोक माझ्या बोटात दिलं. "पाह्य. तीस वर्षं धुतलेलं कापड आहे. लेकराले मऊ लागते ते याच्यानंच. पन याले एकदा सुई सोसते, दुसऱ्यांदा नाई सोसत. उसवलं का भोकाशी भोक मिळते अन् चर्र फाटते. तेवीस जागी उसवलं तं चाळनी होईन, तिच्यानं पीठ चाळजा."

म्हणजे असं झालं. दुरुस्त करावी तं गोधडी फाटते. नाही करावी तं तेवीस फुल्यांची गोधडी घेऊन लेकरू बापाच्या घरी जाते, नाही तं गोधडी जातच नाही. अन् मामीची सुई पेटीत.

 आत पाळण्याची साखळी करकरत होती.

मग मामीनं विचारलं, "तुमच्या यार्डात डब्याले पोचा आला तं सिक करत होते का?"

"पोच्यानं कायले? पोच्यानं गाडी रुळावरून पडत नाई."

"रंग गेला तं?"

"रंगानं बी नाई."

"मंग इथं तिरप्या ओळीले फुली काहून मारली? गोधडी पडनार आहे का तिनं?"

मामा उत्तर द्यायले गेला, अन् तोंड उघडं ठेवूनच थांबला. मग घरात गेला. मी मागं मागं गेलो. पाळण्यात लेकरू झोपलं होतं. मामानं एक धागा घेतला अन् लेकराच्या पायाच्या सगळ्यात लहान बोटाभोवती हलकाच फिरवला. ठोका द्यायची सवय असलेला तो हात, चाकावर लोखंड आपटणारा. लेकराचा श्वाससुद्धा हलला नाही. बाहेर येऊन त्यानं कडुनिंबाची काडी तोडली अन् चाकूनं तासायले बसला. धागा भोवती फिरवून पाहे, पुन्हा तासे. अर्धा तास. मग काडीचं टोक स्वतःच्या ओठावर फिरवलं, कूस आहे का पाहायले.

"गेज," मले म्हणाला. "चाकाची कड झिजली का नाई, ते पाहाले आमच्याजवळ लोखंडाचं माप राहे. गेज आत गेला तं सिक. नाई गेला तं गाडी सोडा."

मामीले काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "आमच्या गावात एक लेकरू दिवसभर रडलं होतं. दृष्ट काढली, पोट शेकलं, काय काय केलं. संध्याकाळी पायमोजा काढला तं बोटाभोवती धागा आवळलेला. बोट जांभूळ झालं होतं. चला, लावा गेज."

तेवीस फुल्यांवर काडी फिरली. मामा टाक्याखाली टोक घालून पाहे. जात नसलं तं "फिट" म्हणे अन् ओल्या फडक्यानं फुली पुसे. तिरप्या ओळी फिट. चुण्या फिट, त्या खालच्या बाजूले होत्या. एकावर एक टाके तं दुप्पट फिट. सहा ठिकाणी काडी टाक्याखाली सरकली. सहा लांब टाके, ज्यात लेकराचं बोट अडकलं असतं. सहा फुल्या राहिल्या. सतरा गेल्या. म्हणजे त्या सतरा चुका गेल्या नाहीत हं, त्या तिथंच राहिल्या. त्यांची फुली गेली.

शनिवारी सकाळी मामीनं ते सहा टाके बसवले. उसवले नाहीत. लांब टाक्याच्या मधोमध एक बारका टाका आडवा टाकला, जसं वासराच्या दाव्याले मधात खुंटीशी बांधते, का मग ते उचलतच नाही. आलूत सुई, पायाचा अंगठा, वरवंटा, दात. सहा टाक्यांना दीड तास लागला. मामा काडी घेऊन बाजूले बसला होता. एक टाका झाला का काडी लावून पाहे. सहाही फिट.

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं?" मामी म्हणाली. "गाल राहिला ना."

ही आमच्याकडची जुनी रीत. तान्ह्याची गोधडी घराबाहेर जायच्या आधी जिनं शिवली तिनं तिच्यावर गाल फिरवायचा. कडेपासून मधापर्यंत, हात न लावता. हाताले घट्टे असतात, हात खोटं बोलते. मी माझ्या आजीले करताना पाहिलं होतं, अन् लहानपणी समजत होतो का ती लाड करते.

मामीचा डावा गाल दगड. म्हणून तिनं गोधडी मांडीवर घेतली, मान वाकडी केली अन् उजवा गाल टेकवला. डोळे मिटले. हळूहळू, फेऱ्याच्या मागं फेरा. तिरप्या ओळी गेल्या, चुण्या गेल्या, आत्ताच बसवलेले टाके गेले. मामा खडू खिशात ठेवून उभा. साक्षी दारात येऊन थांबली होती. गल्लीतून ट्रक गेला, ओसरीची फरशी थरथरली. मामीचा गाल काही थांबला नाही.

मधल्या चौकाजवळ थांबला.

तिथं एकही फुली नव्हती. ती पूर्ण गोधडीतली सगळ्यात सुरेख ओळ होती. दोन्ही हात चालत होते तेव्हा घालायची तसेच टाके, जवसाचे दाणे, एकही इकडचा तिकडे नाही. मामानं ती ओळ नजरेनं नुसती पार केली होती. माझीही नजर तिथं काल सुखावली होती.

मामीनं गाल तिथंच दोनदा फिरवला. मग डोकं उचललं.

"टोचलं," म्हणाली.

मामा खाली बसला. बोट फिरवलं, काही लागलं नाही. दाबून फिरवलं, काही नाही. मीही पाहिलं. कापड म्हणजे लोणी.

"नाई वो, मामी, भास आसन," मी म्हटलं.

"भास डाव्या गालाले होते," मामी म्हणाली. "उजव्याले नाई."

मामा उठला, भोंग्यातला चुंबक घेऊन आला अन् धाग्यानं ओळीवर लोंबता धरला. आम्ही सगळे पाहत होतो. चुंबक आधी डोलला, मग एका जागेवर येऊन थांबला अन् खाली ओढल्यासारखा झाला. कापड तिथं तिळाएवढं वर उचललं.

तिसऱ्या सुईचं टोक.

ते मोरीत गेलंच नव्हतं. धोतराच्या थरात आडवं पडून होतं, टाक्याच्या बरोबरीनं, ओळीच्या आत लपलेलं. म्हणून डोळ्याले दिसलं नाही अन् बोटाले लागलं नाही. दोन धुण्यांनंतर ते फिरलं असतं, अन् कधी ना कधी उभं झालं असतं. वर सव्वा महिन्याचं लेकरू.  साक्षीनं लेकराले छातीशी घट्ट धरलं, तं ते कुरकुरलं.

मामाचं तोंड उतरलं होतं. "तेवीस फुल्या मारल्या," तो म्हणाला, "आन ठोका एक बी नाई देला. नुसत्या डोयानं पाह्यलं. चुंबक फरशीवर फिरवला, गोधडीवर फिरवाचं सुचलं नाई."

"तुमी तिरपं पाहून राहिले होते," मामी म्हणाली. "मी बी तेच पाहून राहिली होती. कैची द्या."

"उसवावं लागन?" साक्षीनं विचारलं. पहिल्यांदा मराठीत. तिले स्वतःले समजलं नसंल.

"आता लागन. हे पोच्यातलं नाई."

सगळ्यात सुरेख ओळीचे नऊ टाके मामीनं कापले. एक एक, कैचीच्या टोकानं, टाचेखाली कापड दाबून. कापड चर्र झालं नाही, पण भोकं पडून राहिली, दातांच्या ओळीसारखी. मग तिनं कैची ठेवली. नव्या सुईनं थराच्या आत शोधलं, डोळे मिटून. मामा म्हणाला मी करतो, माझे दोन हात आहेत. ती म्हणाली, दोन हातांनी ते आत पळन. मग सुईच्या टोकानं ते टोक उभं केलं, तर्जनी जिभेवर ओली केली अन् त्यावर टेकवली. बोट वर आलं तं त्यावर ते चिकटलेलं. जिऱ्याएवढं. उन्हात चमकलं.

मी गावात फडावर भारी भारी माणसं पाहिली. दातानं पोतं उचलणारे पाहिले. पण असं बोट कुठंच पाहिलं नाही. अर्धं अंग मेलेली बाई, अन् उरलेल्या अर्ध्या अंगात एवढी जाग. मले तेव्हा वाटलं का सुई तिनं नाही शोधली, सुईच शरण आली.

मामानं बामची डबी पुढं केली. टोक आत पडलं, टिक्क आवाज झाला. मामानं डबी कानाजवळ नेऊन हलवली, झाकण लावलं अन् म्हणाला, "तीन."

मग मामीनं ते नऊ टाके पुन्हा घातले. जुन्या भोकांना टाळायचं म्हणून सुई बाजूनं न्यावी लागली. ओळ त्या जागी वाकडी झाली. चांगलीच वाकडी, बांधावर गेलेल्या पायवाटेसारखी. मामीनं गाठ मारली, धागा तोडला अन् पाहत राहिली.

मामानं खिशातून खडू काढला होता. हातातच धरून उभा होता.

"मारा ना," मामी म्हणाली. "काहून थांबले?"

मामानं वाकड्या जागी फुली मारली. मग गेजची काडी घेतली, नऊही टाक्यांखाली घालून पाहिली. एकाखालीही गेली नाही. त्यानं गोधडी वर उचलली, उजेडाकडे धरली, अन् दुसऱ्या हाताच्या बोटानं मधोमध टिचकी मारली, जशी चाकाले मारे. कापडाचा आवाज तो काय येणार? पण मामा कान देऊन ऐकत राहिला. नंतर ओलं फडकं घेऊन फुली पुसली.

"फिट."

"आता मानते," मामी म्हणाली, अन् तिचा अर्धा चेहरा हसला.

रविवारी जावई गाडी घेऊन आला. सोबत त्याची माय अन् एक काकू. काकूनं गोधडी हातात घेतली, उलटी केली.  काकूनं वाकड्या ओळीवर बोट फिरवलं अन् तोंड उघडणार, तेवढ्यात साक्षी पुढं झाली. तिनं गोधडी काकूच्या हातातून काढून घेतली, खाटेवर पसरली, वाकली, अन् सगळ्यांसमोर तिच्यावर गाल फिरवला. कडेपासून मधापर्यंत. घाई नाही. तिले हे कोणी शिकवलं नव्हतं, काल दारात उभं राहून पाहिलं तेवढंच. मग लेकराले मधल्या चौकावर ठेवून गुंडाळलं. काकू गप्प झाली. ते कौतुक होतं का आणखी काही, मले माहीत नाही, पण गप्प झाली खरी.

ब्लँकेट पिशवीत होतं. पिशवी डिकीत गेली.

"मम्मी, इसको धोना कैसे है?" साक्षीनं खिडकीतून विचारलं.

"हातानं. पिळू नको. सावलीत वाळव. आन धुतली का आधी गाल."

"हव."

मामानं गाडीच्या चारी चाकांना काठीनं ठोके दिले. जावई बिचारा खाली उतरून उभा राहिला, सासऱ्याले काय म्हणणार? चौथ्या चाकाजवळ मामा जरा जास्त थांबला. मामी काठीवर टेकून दारातून म्हणाली, "त्याले खडू नका लावू. जाऊ द्या पोट्टीले."

गाडी गेली.

सोमवारी सकाळी मी चहाले गेलो तं वरचं गाठोडं खाली होतं. मामी मामाची जुनी खाकी पँट उसवत होती, टाचेखाली दाबून. पाटावर आलू होता, त्यात नवी सुई उभी खोचलेली, अन् बाजूले मामा धागा तोडून बसला होता. मी विचारलं, आता कोणाची?

"यायची," मामी म्हणाली, मामाकडे मान करून. "मोठी आहे. पन्नास फुल्या तं निंगतीनच."